कंपनीचा वास

ही गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, मुलीला नाही. दोन पेग पोटात गेले की मन मोकळं करणारे लोक असतात. मी पीत नाही, त्यामुळे तीही सोय नव्हती. गोष्ट एका हँडब्रेकची आहे. चालत्या गाडीत मी तो गुपचूप थोडा वर ओढला, आणि नंतर माझा काही संबंध नाही असं दाखवलं. बस, एवढंच. खून नाही, अफरातफर नाही. एवढी चिल्लर गोष्ट वीस-पंचवीस वर्षं पोटात ठेवणारा माणूस किती चिल्लर असेल, ते वाचणाऱ्याने ठरवावं. माझं ठरलेलं आहे.

आधी वासाबद्दल सांगायला हवं.

नव्वदीच्या दशकात आम्ही सानपाड्याला राहायला आलो. इमारत नवी, रस्ते रुंद, झाडं काठ्यांना बांधलेली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांकडून वारा आला की सगळ्या सोसायटीत वास भरायचा. कधी सडक्या अंड्यांचा, कधी नेलपॉलिशचा, कधी नुसताच घशात टोचणारा. या सगळ्याला आमच्याकडे एकच नाव होतं, कंपनीचा वास. कुठली कंपनी, काय सोडते, कुणी विचारत नसे. पाहुण्याने नाकाला रुमाल लावला की दारातला मोगरा दाखवावा तसं आम्ही सांगायचो, "कंपनीचा आहे." सोसायटीचे सेक्रेटरी तर गच्चीवर उभे राहून हुंगायचे आणि निकाल द्यायचे, "हा रबाळ्याचा. वारा फिरलाय आज." मग सगळे आपापल्या घरी जाऊन खिडक्या लावायचे. तक्रारीचा अर्ज करायचं एकदा ठरलं होतं. पहिली सही कुणी करायची यावर मीटिंग संपली, आणि चहा मात्र सगळे पिऊन गेले.

हळूहळू सगळेच वास कंपनीच्या नावावर जमा व्हायला लागले. कुणाच्या घरी दूध उतू जाऊन करपलं तरी जिन्यात शेजारी म्हणायचे, "आज जास्तच सोडलंय." ज्याचं दूध करपलं तोही मान डोलवायचा. मीही डोलवली आहे. माणसाला असा एक वास हाताशी असावा. फार उपयोगी पडतो.

माझी बायको त्याला कंपनीचा वास म्हणत नसे. ती रसायनशास्त्रात एम.एस्सी. होती. खिडकीत उभी राहून ती सांगायची, हा गंधकाचा, हा सॉल्व्हंटचा. सेक्रेटरी हसून म्हणायचे, "वहिनी, तुम्ही फार शिकलात बुवा." त्यांच्याबरोबर मीही हसायचो. इतकी शिकलेली बाई दुपारभर बारावीच्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि उरलेल्या वेळात आमची मुलगी सांभाळायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर नाहीच.

मग खारघरला नवीन कॉलेज निघालं आणि तिला तिथे लेक्चररची नोकरी मिळाली. तेव्हाचं खारघर म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी आखून ठेवलेले मोकळे रस्ते आणि मधे उगवलेली एखादी इमारत. कॉलेज पार आत. तिकडे बस जवळजवळ नव्हतीच, आणि रिक्षावाला खारघर ऐकलं की तोंड फिरवायचा. मुलीला पाळणाघरात सोडून वेळेवर पोचायचं आणि वेळेवर परतायचं, तर स्वतःची गाडी हवी.

गाडी होती. ऑफिसातल्या एकाची बदली झाली म्हणून त्याची जुनी छोटी गाडी मी हौसेने घेतली होती. घेताना मला चालवता येत नव्हती. नंतरही आली नाही. मोटार ट्रेनिंग स्कूलला मी गेलो होतो. क्लच सोडला की गाडी उडी मारून बंद पडायची, आणि मागच्या सीटवर पाळीची वाट बघत बसलेला पोरगा खुदकन हसायचा. तीन-चार दिवसांत मी सोडून दिलं आणि घरी सांगितलं, ऑफिसमुळे वेळच होत नाही. त्याच शाळेत मग बायको गेली. पंधरवड्यात ती सानपाड्याच्या रिकाम्या सेक्टरांतून एकटी गाडी फिरवायला लागली. मास्तर म्हणाला, "मॅडम, तुमचा हाफ-क्लच म्हणजे लोणी आहे." हे तिने घरी येऊन मला सांगितलं. सांगताना ती इतकी खुशीत होती की मलाही आनंद झाल्यासारखं करावं लागलं.

आता दादा. वडील लवकर गेले, मला दादाने वाढवलं, शिकवलं. हे तो बोलून दाखवायचा नाही. बोलून दाखवत नाही हे मात्र वरचेवर दाखवायचा. ठाण्याला राहायचा. एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये सुपरवायझर होता, म्हणजे स्क्रू-बोल्टची खोकी मोजून घ्यायचा, आणि तेवढ्या बळावर स्वतःला इंजिनीअर समजायचा. घरात कुठलाही मोठा निर्णय दादाच्या कानावर घातल्याशिवाय व्हायचा नाही. हा नियम त्याने केला नव्हता. मी केला होता. निर्णय चुकला तर दादा, बरोबर आला तर आपण. असा तो हिशोब.

फोनवर तो म्हणाला, "रोज हायवे? पोर लहान आहे तुमची. मी बघितल्याशिवाय हो म्हणणार नाही. रविवारी जेवायला येतो. जेवण झालं की हिनेच आम्हाला ठाण्याला सोडायचं. कळेलच काय ते."

बायकोला मी म्हणालो, "दादा नाही म्हणाला तर कसं करायचं?"

"नाही कशाला म्हणतील? गाडी चालवून दाखवते की."

तिला खरंच तसं वाटत होतं. सोमवारी कॉलेजात होकार कळवायचा होता.

रविवारी दादा-वहिनी आले. मटण झालं, भात झाला, दादाने ढेकर दिला. वहिनींना घरी न्यायला बायकोने नारळाच्या वड्या करून डब्यात भरल्या. मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवलं. बायको स्टिअरिंगवर, मी तिच्या शेजारी, मागे ते दोघं. चारचौघांत ती मला अहो म्हणायची, घरात अरे. सीटचा पट्टा ओढता ओढता हळूच म्हणाली, "अरे, तू बोलत राहा काहीतरी. मला बरं वाटेल." मी समोर बघत होतो, फाशीच्या तख्ताकडे निघाल्यासारखा.

तुर्भ्याजवळच्या चढावर ट्रकांची रांग अडकली. आमच्या मागेही एक ट्रक येऊन टेकला. दादा मागून ओरडला, "हँडब्रेक लाव, हँडब्रेक! मागे जाईल."

"गरज नाही भाऊजी, धरलीय," ती म्हणाली. आणि खरंच धरली होती. हाफ-क्लचवर गाडी चढावर जागच्या जागी उभी, ना पुढे ना मागे. रांग हलली तशी ती अलगद वर निघाली. एक झटका नाही. ट्रेनिंगच्या गाडीत मला जे कधीच जमलं नव्हतं ते तिने मागे दादाला आणि ट्रकला ठेवून केलं. बायकोकडे कौतुकाने बघायची ती वेळ होती. मी आरशात दादाचं तोंड बघितलं. ते जरा पडलं होतं. माझंही पडलं असणार.

उतारावर तिने वेग घेतला आणि एका रेंगाळणाऱ्या टँकरच्या पुढे जायला गाडी उजवीकडे काढली. घाबरून मी पाय खाली रेटला, पण माझ्या बाजूला ब्रेक नव्हता. हँडब्रेक दोन सीटांच्या मधे, माझ्या उजव्या हाताशी होता. टोकाचं बटण दाबून मी तो थोडासा वर ओढला आणि बटण सोडून तिथेच अडकवून ठेवला. बटण दाबून ओढलं की कटकट आवाज होत नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर दाबलं. तेव्हा ते नकळत झालं असं म्हणायची सोय मला नाही. हँडब्रेक लागला की पेटायला हवा तो लाल दिवा गाडी घेतल्यापासून बंदच होता. तो दुरुस्त करून घ्यायचं काम माझ्याकडे होतं.

गाडीने जरासा दम खाल्ला. ती टँकरच्या मागेच राहिली.

"हां, अशी!" दादा मागून म्हणाला. "अशी हळू चालव. आता कशी बरोबर चाललीय."

टँकर पुढे निघून गेला की ब्रेक खाली करायचा, असं मी मनात म्हटलं होतं. टँकर गेला. मी केला नाही. भीती टँकरपर्यंतच होती. पुढे जे होतं ती भीती नव्हती. त्या गाडीत पहिल्यांदाच काहीतरी माझ्या हातात होतं, आणि ते सोडवेना. याहून मोठं कारण मी खूप शोधलं. सापडलं नाही.

थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "गाडी जड लागतेय का हो?"

"चार माणसं बसलीत. जड लागणारच."

मग वास सुरू झाला. आधी अगदी पुसट. कापूस आणि रबर एकत्र जळावं तसा, नाकाच्या मुळाशी बसणारा. दादाने लगेच निकाल दिला, "आली बाबा तुमची नवी मुंबई. कंपनीचा वास."

आणि चौघांनी मिळून काय केलं? खिडक्या वर केल्या. कुठलाही नवी मुंबईकर हेच करतो. दोन्ही बाजूंनी कारखाने, वास आला की काच वर. पायाला चटका बसला की पाय उचलावा इतकं ते अंगवळणी पडलेलं. फरक इतकाच की या वेळी वास बाहेर नव्हता. आत येत होता तो आमच्याच खालून, आणि आम्ही तो नीट कोंडून घेतला. डोळे चुरचुरायला लागले तसा दादा म्हणाला, "काच पूर्ण लाव रे, फट राहिलीय."

बायको म्हणाली, "हा कंपनीचा नाही. काहीतरी घासून जळतंय. आपल्या गाडीचाच आहे."

त्या गाडीत रसायनशास्त्र शिकलेलं माणूस एकच होतं. मी तिला म्हणालो, "कंपनीचाच आहे. तू पुढे बघ."

हे वाक्य मी पुन्हा एकदा वाचून बघितलं. आवाजही आठवतो. शांत होता, समजूतदार नवऱ्याचा. हात हँडब्रेकच्या शेजारी होता.

वहिनींना आता वेगळीच शंका आली. त्यांनी मांडीवरचा डबा उघडून हुंगला. "वड्या खाली लागल्या का गं तुझ्या? करपट येतंय."

"नाही हो वहिनी, मंद आचेवर केल्यात."

"बघ बाई. गडबडीत लक्ष राहत नाही. ड्रायव्हिंगचं डोक्यात असलं की पातेल्याकडे कोण बघणार?"

म्हणजे आता तिची गाडीही जळत होती आणि वड्याही. खाली लागलं होतं हे खरं. कुठे लागलं होतं हे एकट्या मला ठाऊक होतं.

कोपरखैरण्याच्या अलीकडे, बोनकोडे गावाच्या बाजूला, मागच्या काचेतून दादाला धूर दिसला. "थांबव! थांबव! बंद कर आधी!" तिने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. आता ती हँडब्रेक लावायला हात खाली नेणार आणि तो आधीच वर सापडणार. मी घाईने म्हणालो, "तू उतर लवकर. ब्रेक मी लावतो." आणि लावला. पूर्ण, कटकट आवाज करत, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

शेजारी चहाची टपरी होती. टपरीवाला गावातलाच, उघड्या अंगावर टॉवेल टाकलेला. बाकावर बसल्याबसल्या बघत होता. दादाने बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. वहिनी नाकाला पदर लावून उभ्या.

"काय झाला शेट?" टपरीवाला म्हणाला.

"काही नाही हो, हा तुमचा कंपनीचा वास. त्यात गाडी तापली."

"कंपनीवाले रातचं सोडतान. दिसाचा कोन सोडतंय? यो वास तुमचे गाडीचा हाय." मग बायकोकडे बघून तो हसला. "बाय चालवीत व्हती का? मंग गाडी लाजली आसल."

झालं. कंपनी सुटली. सगळा पट्टा निर्दोष ठरला. कंपनी नाही म्हटल्यावर मग कोण? दादाने बॉनेटमधून डोकं बाहेर काढलं आणि त्याच्या चेहऱ्यावर ढेकर देतानाचं समाधान परत आलेलं मी पाहिलं.

"क्लच," तो म्हणाला. "क्लच जाळलास तू. पाय ठेवून चालवतेस त्याच्यावर. बायकांची खोडच असते ती. आणि त्या चढावर काय तो हाफ-क्लचचा शहाणपणा! मी ओरडत होतो ना, हँडब्रेक लाव म्हणून?"

तिची सगळ्यांत चांगली गोष्ट होती ती. तीच पुरावा झाली.

"भाऊजी, माझा पाय नव्हता क्लचवर," ती म्हणाली.

"मग काय माझा होता?"

टपरीवाला हसला. वहिनी हसल्या. मी हसलो की नाही ते आठवत नाही, पण माझ्यावर माझा विश्वास नाही.

लघवीला जातो म्हणून मी गाडीच्या मागच्या बाजूला गेलो. मागच्या चाकाजवळ तळहात नेला. न लावताच धग लागली. पुढच्या चाकाला हात लावून बघितला, साधं कोमट. हँडब्रेक मागचीच चाकं धरतो, क्लच पुढे इंजिनापाशी असतो. एवढंच निदान होतं. इंजिनाशी वास कमी, मागे जास्त. ओळखायला नाक पुरे होतं. पण दादाचं नाक बॉनेटमध्ये, वहिनींचं पदरात आणि टपरीवाल्याचं गंमत बघण्यात. मी चाकाजवळून उठतो तोच बायको मागे आली. हुंगून म्हणाली, "अरे, इकडे जास्त येतोय का वास? मागच्या चाकाकडून?"

ती पोचली होती. अजून दोन पावलं, एक हात चाकाला, आणि तिला सगळं कळलं असतं.

"वाऱ्याने येतोय इकडे," मी म्हणालो. "चल, दादा बोलावतोय."

दादा काही बोलावत नव्हता.

चहा होईस्तोवर चाकं निवली. दादाने रेडिएटरमध्ये उगाचच तांब्याभर पाणी ओतलं आणि जाहीर केलं, "आता मी चालवतो. बघू कशी जळते." तो स्टिअरिंगवर बसला, मी पुन्हा शेजारी, ती मागे वहिनींजवळ. दादाचा हात खाली येण्याआधी मी म्हणालो, "थांब, मी काढतो," आणि हँडब्रेक तळापर्यंत खाली केला. गाडी दुरुस्त झाली. जळक्या वासावर मी केलेली एकमेव दुरुस्ती ती, आणि तिला एक क्षणही लागला नाही.

अर्थात पुढे ठाण्यापर्यंत वास आला नाही. घणसोली गेलं, रबाळे गेलं, ऐरोली गेलं. गाडी पिसासारखी पळत होती. दर थोड्या वेळाने दादा मोठ्याने श्वास ओढायचा आणि म्हणायचा, "येतोय वास? येतोय का? शेवटी हाताहाताचा फरक असतो बघ."

वहिनी म्हणाल्या, "खरंच गं, गेला की वास." आणि डबा उघडून एक वडी तोंडात टाकली. वडी करपलेली नव्हती. तसं त्या बोलल्या नाहीत.

आरशात बायको दिसत होती. ती खिडकीबाहेर बघत नव्हती, रडत नव्हती. स्वतःच्या डाव्या पायाकडे बघत होती.

त्याच आठवड्यात दादाने गाडी त्याच्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्या महाभागाने गाडी उघडण्याआधीच विचारलं, "बाई चालवायची का? मग क्लचच." बदलून टाकला. जुनी क्लच-प्लेट दादाने वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्याकडे आणली आणि टेबलावर ठेवली, "बघ, कशी काळी पडलीय." वापरलेली प्लेट काळीच असते, पांढरी कुणी पाहिली आहे? पण त्या टेबलाभोवती हे कुणी बोललं नाही.

नोकरीचं त्याआधीच संपलं होतं. रविवारी संध्याकाळी ठाण्याहून निघताना दादा म्हणाला होता, "नको. उद्या पोरीला घेऊन निघशील आणि मधेच गाडी पेटायची. शिकवण्या चालल्यात ना घरी? चांगलं चाललंय." तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "दादा म्हणतोय त्यात तथ्य आहे." परत येताना आम्ही बसने आलो, गाडी दादाकडे राहिली. सोमवारी तिने कॉलेजात नकार कळवला.

पण मी ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते अजून पुढे आहे. हँडब्रेक भीतीने ओढला, गप्प बसलो तो दादापुढे लाज जाईल म्हणून. हे सगळं घाणेरडं आहे, पण त्यातून बाहेर यायला अजून वाट होती. त्याच सोमवारी, नकार कळवून आल्यावर, ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "अरे, खरं सांग. तू शेजारीच होतास. माझा पाय होता का क्लचवर?"

रडणं नाही, चिडणं नाही. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. प्रयोग फसला तर कुठे चुकलं ते बघायची तिची सवय होती. म्हणाली, "काय चुकलं ते कळलं तर मी सुधारेन. मला आठवतच नाहीये पाय ठेवल्याचं."

घरात आम्ही दोघंच होतो. दादा नव्हता, वहिनी नव्हत्या. हसायला कुणी नव्हतं.

मी पेपरातून मान वर केली नाही. म्हणालो, "असेल थोडा."

"असेल ना?"

"असेल. आपल्याला कळत नाही कधी कधी."

तिने बोटांना लागलेली कणीक खरवडली. मग म्हणाली, "हं. असेल." आणि कणीक मळायला लागली. तिच्या हातून मी नोकरी घेतली होती. त्या दिवशी तिचा पायही घेतला.

तिने पुन्हा गाडी चालवली नाही. कुणी मनाई केली नव्हती, मीच अधूनमधून उदारपणे म्हणायचो, "चालव की, कोण अडवतंय?" नंतर मी शिकलो. दुसऱ्या शाळेत, ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा. इतकी वर्षं मीच चालवतो आणि ती डावीकडे बसते, दोन्ही हात मांडीवर ठेवून. मधल्या दांड्याला ती चुकूनही हात लावत नाही. खारघर आता उंच इमारतींनी भरलंय, मेट्रो धावते. त्या कॉलेजवरून कधी जाणं झालं तर ती म्हणते, "केवढं वाढलं ना." मी म्हणतो, "हो ना." दादा थकलाय. त्याला तो रविवार आठवतसुद्धा नाही. त्याच्याबद्दल मी वर बरंच काही लिहिलं, ते बोलायचा मला हक्क नाही. त्याला जे वाटलं ते तो तोंडावर बोलला. चुकीचं बोलला, पण खोटं बोलला नाही. सेक्रेटरी, वहिनी, टपरीवाला, कुणीच खोटं बोललं नव्हतं. मी या सगळ्यांना हसत बसलो ते, वास आपलाच असताना खिडकी लावावी तसंच.

काही वर्षांपूर्वी मुलगी गाडी शिकली. पहिल्यांदा आम्हाला घेऊन निघाली तेव्हा मी शेजारी होतो, बायको मागे. वाशीच्या सिग्नलवरून निघताना मागून आवाज आला, "क्लचवर पाय टेकवून ठेवू नकोस हं. लगेच जळतो. मला ती वाईट खोड होती."

मुलीने आरशात बघितलं. "आई, तू गाडी चालवायचीस?"

"थोडे दिवस. मग एकदा क्लच जाळला मी. तुझ्या काकांनी गाडी वाचवली."

"बाबा, खरंच?"

माझा उजवा हात हँडब्रेकच्या शेजारी होता. तो मी मांडीखाली घेतला आणि म्हणालो, "सिग्नल बघ. पुढे बघ."

न केलेली चूक तिने इतकी जपून ठेवली होती की आता ती मुलीला शिकवत होती. आणि चूक करणारा पुढच्या सीटवर पट्टा लावून बसला होता.

हे कागदावर आणायला मला फार धीर लागला असं कुणी समजू नये. अनोळखी माणसांना सांगायला धीर लागत नाही. ती या क्षणी पलीकडच्या खोलीत शेजारच्या मुलीला केमिस्ट्री समजावतेय. तिचा आवाज मला इथे ऐकू येतो. मी तिला एक गोष्ट देणं लागतो. तिच्यासमोर उभं राहून, पेपर बाजूला ठेवून, सांगायचं आहे की तुझा पाय क्लचवर नव्हता, हँडब्रेक मी ओढला होता. ते मी अजून सांगितलेलं नाही.